विहीणबाईंचा बेडूक

२१ मार्च

पाय मोडला. केळीच्या सालीवरून नाही. सकाळपासून येणारा-जाणारा तेच विचारतो आहे. फैजपूरची बाई पडली म्हणजे सालीवरूनच पडली पाहिजे असा काही कायदा आहे का? ओल्या फरशीवरून पडले. फरशी मीच पुसायला लावली होती, नीट पुसली की नाही ते बघायला मीच गेले.

डॉक्टरने गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. म्हणाला, आजी, अक्षय्य तृतीया होईपर्यंत, म्हणजे आमच्या आखाजीपर्यंत, पाय टेकायचा नाही. मी विचारलं, तुझं लग्न झालं का रे? म्हणाला, नाही. म्हटलं, म्हणूनच. माझ्यासारखी बाई इतके दिवस एका जागी बसली तर घराचं काय होतं ते तुले ठाऊक नाही.

ही डायरी सुनेने दिली. खताच्या दुकानातून फुकट आलेली. ज्योत्स्ना म्हणाली, "आई, मला हाक मारायच्या आधी यात लिहून काढा. लिहूनही राग गेला नाही तर मग हाक मारा." धुळ्याची आहे. गोड बोलून टोचते. मी चौथी शिकले. जोडाक्षर अडलं तर सोपा शब्द घालीन. वाचणार कोण आहे?

२४ मार्च

आज घरात बोलणं बंद आहे. कारण मी नाही म्हटलं.

नातीची, मोनालीची, बारावी संपली. तिला शेतकी कॉलेजात जायचं आहे. मी म्हटलं, घरची एवढी केळी उभी आहे, तिथे जा, फी लागत नाही. ती हसली नाही. जेवताना म्हणाली, "आजी, मी पुण्याला जाऊ?"

"नाही."

"का पण?"

"गावात कॉलेज आहे म्हणून. आणि मी म्हटलं म्हणून."

लीलाधर ताटात बघत बसला. माझा मुलगा पन्नाशीला आला, पण अवघड गोष्ट निघाली की अजून भाजीत मीठ शोधतो. मग म्हणाला, "आई म्हणेल तसं."

तास झाला नाही तोच धुळ्याहून व्याह्यांचा फोन. बन्सीलाल, ज्योत्स्नाचे वडील. जन्मभर एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या सोडायच्या आणि अडवायच्या. बायको वारल्यापासून देवपुरातल्या घरात एकटेच असतात आणि माझ्या मते वरणाला फोडणी देत नाहीत.

"विहीणबाई, पुनं लांब शे, ते खरं. पन धुळं काय लांब? शेतकी कॉलेज आठे बी शे. पोर मनाजोडे ऱ्हाई. घर बठ्ठं रिकामं शे."

मी म्हटलं, घर रिकामं आहे तर भाडेकरू ठेवा, माझी नात कायले?

म्हणजे एका दिवसात दोन वेळा नाही झालं. मला त्याचं काही नाही. पण खरं लिहायचं तर दुसऱ्यांदा म्हणताना पहिल्याइतका जोर नव्हता. पुण्याच्या मानाने धुळं म्हणजे शेजारच्या गल्लीसारखंच. पण नाही म्हणजे नाही.

२७ मार्च

टीव्हीवरच्या सगळ्या सासवा बघून झाल्या. एकीलाही सासूपण येत नाही.

मोनालीने पत्ते आणले. आपले राजा-राणीचे नाहीत. चकचकीत, चित्रांचे, वर सगळं इंग्रजी. हे पत्ते दुकानातून घेत जायचे, आपल्याला हवे ते निवडून आपला गठ्ठा बांधायचा, आणि समोरच्याने त्याचा बांधायचा. दोघांचे गठ्ठे वेगळे. मी म्हटलं, मग भांडण बरोबरीचं कसं? म्हणाली, "लग्नात दोन्हीकडचे मानकरी सारखे असतात का, आजी?" माझीच नात.

प्रत्येकाला वीस जीव. समोरच्याचे संपवले की जिंकलं. पत्ता टाकायला काहीतरी लागतं, तिने इंग्रजी शब्द सांगितला. मी त्याला तेल म्हणते. पहिल्या पाळीला एक पळी, दुसऱ्या पाळीला दोन, असं वाढत जातं. लहान पत्त्याला कमी तेल, मोठ्याला जास्त. तुझी पाळी आली की तुझं तेल पुन्हा भरतं.

माझ्या गठ्ठ्यात एक बेडूक, एक घंटा, एक आरसा. एकेकटे तिघेही कुचकामी. घंटा वाजली की बेडूक ओरडतो, बेडूक ओरडला की समोरच्याचा एक जीव जातो. बस्स. पण आरसा असला की बेडूक ओरडताच घंटा पुन्हा वाजते. मग बेडूक पुन्हा ओरडतो. मग घंटा. थांबतच नाही. समोरचा आटोपला.

मोनाली म्हणते याला कॉम्बो म्हणतात. मी म्हटलं, याला एकत्र कुटुंब म्हणतात. एकेकटे बिनकामाचे, तिघे जमले की शेजाऱ्याचा जीव घेतात.

२९ मार्च

हा खेळ व्याही पण खेळतात! मोनालीनेच दिवाळीत त्यांना शिकवला म्हणे. आज फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून समोर ठेवला. तिकडे व्याह्यांनी त्यांचा फोन कशाला टेकवला ठाऊक नाही, पण अर्धा वेळ मला त्यांच्या घरचा पंखा दिसत होता. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पत्ते खेळायला इस्त्री कायले लागते?

त्यांच्या गठ्ठ्यात मारामारी करणारं जवळजवळ काही नाही. नुसते हाताच्या पंज्याचे पत्ते. आपण काही टाकलं की ते दोन पळ्या तेल घालून पंजा टाकतात, म्हणजे 'नाही'. आपला पत्ता गेला. मोनाली म्हणते, "नानांचा गठ्ठा कंट्रोल आहे." म्हटलं, ते नोकरीतून उतरले, नोकरी त्यांच्यातून उतरली नाही.

तिन्ही पत्ते हातात आले तशी मी लगेच घंटा ठेवली, आरसा ठेवला, बेडूक ठेवायला गेले. व्याही म्हणाले, "नही." बेडूक गेला. उरली घंटा आणि आरसा. त्यांनी मला सावकाश, चहा पीत पीत मारलं.

"आजी, तू घाई करते," मोनाली म्हणाली. "नानांकडे तेल शिल्लक आहे का ते तरी बघ ना."

नुसतं नाही नाही म्हणून जिंकणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

२ एप्रिल

आज घाई केली नाही. तिन्ही पत्ते हातात धरून बसले. व्याही कधी गाफील होतात ते बघत राहिले. ते गाफील झालेच नाहीत. मी वाट बघतेय तोवर त्यांनी पत्ते ओढून ओढून हात भरला. शेवटी मी बेडूक काढला तेव्हा त्यांच्याकडे तीन पंजे होते आणि टाकायला तेलही होतं.

मोनाली म्हणते, नाही म्हणणाऱ्याला वेळ दिला की त्याची नाही म्हणायची ताकद वाढत जाते. आधी घाई वाईट म्हणाली, आता वाट बघणं वाईट म्हणते. म्हटलं, मग चांगलं काय? म्हणाली, "ते हळूहळू कळेल." मला! माझं वय काय, तिचं काय!

मोनालीने विचारलं, तिची सायकल नानांना देऊ का, त्यांना बाजारात जायला बरी. म्हटलं, दे. इथे नाहीतरी गंजते आहे. केळीच्या गाडीवाल्याने नेऊन टाकली.

७ एप्रिल

मोनाली रामनवमीला दोन दिवस धुळ्याला जाऊन आली. नानांना सर्दी झाली होती म्हणे. फोनवर तर नाक ठीक दिसत होतं. पण एवढ्यासाठी कोण अडवणार? जाताना तिची गोधडी घेऊन गेली, तिकडे पांघरूण नाही म्हणून. येताना विसरून आली. पोरीचं लक्ष ठिकाणावर नसतं.

आल्यावर विचारलं, "आजी, स्कूटी घेऊ?" नाही. "केस कापू?" अजिबात नाही. "मग माझं टेबल नानांकडे ठेवू का? इथे त्यावर आई पापड वाळवते." म्हटलं, ठेव की. केसांपेक्षा टेबल बरं.

ज्योत्स्ना स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. विचारलं तर म्हणाली, कुकरची शिटी वेगळी वाजली. या घराला पंख्याचा वारा लागतो की काय कळत नाही, सगळेच जरा हललेले.

१० एप्रिल

आज कळलं! एवढे दिवस सांगत का नाही ही पोरगी?

गोष्ट अशी की व्याह्यांना नाही म्हणायला तेल लागतं. म्हणून त्यांचं तेल आधी दुसऱ्याच पत्त्यावर खर्च करवायचं. आपल्याला नको असलेला पण दिसायला भयंकर असा पत्ता आधी टाकायचा. त्यांनी घाबरून त्यावर पंजा टाकला की मग आपला खरा पत्ता सोडायचा. मोनालीने त्यासाठी माझ्या गठ्ठ्यात एक राक्षस घातला. पाच पळ्या तेलाचा. एका फटक्यात दहा जीव नेतो. नुसतं तोंड बघितलं तरी कुणीही नाही म्हणेल.

मी म्हटलं, एवढंच ना? हे मला कधीचं येतं. लग्न होऊन आले तेव्हा या घरात बायकांना संडास नव्हता, पहाटे शेतात जावं लागायचं. सासरे कशालाच हो म्हणत नसत. मी आधी सोन्याच्या पाटल्या मागितल्या. अशा मागितल्या की गल्लीला ऐकू गेलं. सासरे दोन दिवस जेवले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी हळूच म्हटलं, बरं, पाटल्या राहू द्या, मागच्या अंगणात संडास तरी बांधा. महिन्याच्या आत गवंडी आला. पाटल्या मला कधी हव्याच नव्हत्या. धुणं धुताना टोचतात.

मोनाली डोळे मोठे करून ऐकत होती. म्हणाली, "आजी, अजून सांग ना. असं अजून काय काय मिळवलं?" मी तासभर सांगत होते. कान देऊन ऐकणारी आहे. अशी मुलगी पुण्याला पाठवणार होते का मी!

१३ एप्रिल

पैज लागली. कशी लागली ते नीट लिहिते, नंतर कुणी उलटं सांगायला नको.

खेळता खेळता व्याही म्हणाले, "मोनालीना कॉलेजनं काय ठरनं?" म्हटलं, काय ठरायचं, गावातच. ते म्हणाले, "आखाजीना आदले दिन मी ज्योत्स्नाले लेवाले येसु. तधय समोरासमोर एक डाव होऊ द्या. मी जिंकनू तर पोर धुळे ई. तुम्ही जिंकन्यात तर तुमना शबद."

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात आणि पत्ते सगळेच खेळतात. एरवी ज्या घरात पत्त्याचं नाव काढू देत नाहीत तिथेही त्या दिवसांत चटया पडतात. पण चटईवर पुरुष बसतात. बायका झोक्यावर. मी म्हटलं, मी चटईवर बसेन, मंजूर? म्हणाले, मंजूर. म्हटलं, मग पैज मंजूर.

नंतर वाटलं, पोरगी पैजेवर लावायला ती काय बैलजोडी आहे? मोनालीला विचारलं, "तुले काय वाटते?" तिने खांदे उडवले. म्हणाली, "तू जिंकायला पाहिजे, आजी. काही झालं तरी तूच जिंकायला पाहिजे."

ऐकलंत? पोरीला घर सोडवत नाही.

१९ एप्रिल

दिवसभर सराव. मोनाली व्याही होते, मी मी होते. चटणी कुटायच्या वेळीसुद्धा सोडत नाही. अशी मनापासून शिकवते की मास्तरने शिकवलं नाही. मी नीट खेळले नाही की तिचंच तोंड उतरतं.

आज मी तिला एक गोष्ट दाखवली जी तिला ठाऊक नव्हती. एवढे डाव झाले, व्याह्यांनी माझी घंटा एकदाही अडवलेली नाही. कोंबड्याही नाही. माझ्याकडे लहान लहान कोंबड्या आहेत, एकेक जीव टोचतात. बेडकाला अडवतात, राक्षसाला अडवतात, पण लहानसहान काही टाकलं की, "येवढंसं काय अडावानं."

मोनाली म्हणाली, "ती त्यांची चूक आहे. आरसा अडवला तरी आपलं सगळं बंद पडेल."

मी म्हटलं, चूक नाही बाई, ते मुलीचे बाप आहेत. मुलीच्या बापाला वीस वर्षांत सवय लागते. विहिणीने वाटी मागितली, द्या. पाट मागितला, द्या. चहात साखर कमी म्हणाली, पुन्हा करा. मोठं काही मागितलं तरच तो हात जोडून नाही म्हणतो. त्या माणसाचा हात माझ्या लहान गोष्टीवर उठणारच नाही. फोनवर कदाचित उठेल, समोर बसल्यावर नाही.

मोनालीने हातातले पत्ते खाली ठेवले. मग म्हणाली, "आजी, लहान लहान गोष्टी कुणीच अडवत नाही ना?"

म्हटलं, कुणीच नाही.

तिची अकरावी-बारावीची पुस्तकं पोत्यात भरून धुळ्याला गेली. तिकडे टेबल आहे, त्यावर ठेवायला. बरोबर आहे. नुसतं टेबल काय कामाचं?

२९ एप्रिल

लिहू कुठून! अक्षर वाकडं येतं आहे. म्हातारपणाने नाही, आनंदाने.

व्याही दुपारी आले. पांढरा सदरा, पिशवीत खरबूज. आमच्या निंबाखाली पुरुषांच्या चटया पडलेल्या, पलीकडच्या फांदीला झोका. लीलाधरने आणि ज्योत्स्नाने मला धरून चटईवर बसवलं. प्लास्टरचा पाय समोर लांब, त्याखाली उशी. माझा पाय व्याह्यांच्या बाजूला येत होता म्हणून मी संकोचले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, विहीणबाई. तो पाय नही, भिंत शे."

शेजारचा गिरधर म्हणाला, "लताकाकू, हे काय लहान पोरांचे पत्ते!"

म्हटलं, "तुझे तरी कुठे मोठे, गिरधर? तुझ्या राजाला दोन तोंडं आहेत आणि एकही खरं बोलत नाही."

डाव सुरू झाला. मी कोंबड्या सोडल्या. व्याह्यांनी मान हलवली, येऊ द्या. कोंबड्या टोचत राहिल्या. मग घंटा ठेवली. येऊ द्या. कोंबड्यांनी टोचून टोचून त्यांचे जीव निम्म्याखाली आणले तेव्हा त्यांनी काहीतरी वादळ टाकून सगळ्या उडवल्या. तोवर त्यांच्याकडे नऊ जीव उरले होते.

मग आरसा. तो मी टाकला आणि व्याह्यांचा हात पंज्याकडे गेला. इथे सगळं संपलं असतं. मोनालीने मागून माझा पदर धरला.

मी म्हटलं, "आरसाच तर आहे, व्याही. ज्योत्स्नाच्या लग्नात तुम्ही मला आरसा-फणी दिली होती. आता दिलेला आरसा काढून घेता का?"

पुरुष हसले. व्याही लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत. हात खाली घेतला. "लेवा. तुमना आरसा तुम्हले."

आता घंटा आणि आरसा माझ्यासमोर. बेडूक हातात. पण दाखवला तर मेला. व्याह्यांच्या हातात दोन तरी पंजे असणार. मी मोनालीला मोठ्याने म्हटलं, "बेडूक कुठे बसला वं मेला? तळाशी दडला वाटते." आणि पाळी सोडली. पुन्हा पाळी आली, पुन्हा सोडली. झोक्यावरच्या बायका एव्हाना उतरून चटईभोवती आल्या होत्या. झोका रिकामाच हलत होता.

माझं लक्ष व्याह्यांच्या तेलावर. त्यांना हात रिकामा वाटला की राहवत नाही, पत्ते ओढतात. ओढायलाही तेल लागतं. त्यांच्या पाळीला त्यांनी ओढले. पुढच्या पाळीला पुन्हा ओढले. त्यात चार पळ्या तेल गेलं. उरल्या दोन पळ्या. म्हणजे एकदाच नाही म्हणता येईल एवढं.

माझ्याकडे सहा पळ्या होत्या. मी राक्षस काढला. हळू नाही, आपटून. "हा घ्या!"

राक्षस दहा जीव नेतो, व्याह्यांकडे नऊ. अडवल्याशिवाय गती नव्हती. त्यांनी पंजा टाकला. "नही, विहीणबाई. हाई नही." राक्षस गेला. गिरधरने च्च च्च केलं. व्याही मागे टेकले आणि खरबुजाची फोड उचलली.

मी उरलेल्या एका पळीत बेडूक ठेवला.

व्याह्यांनी फोड तशीच धरून ठेवली. हातातले पत्ते बघितले. मला दिसत होतं, आणखी एक पंजा होता. हातात 'नाही' होतं, पण तेल नव्हतं.

मी म्हटलं, "घंटा." आणि मोनाली ओरडली, "डराव!" मग ज्योत्स्ना. तिच्या स्वतःच्या बापासमोर! "डराव!" मग सगळ्या बायका, मग लहान पोरं, मग गिरधर. नऊ वेळा निंबाखाली बेडूक ओरडला. झाडावरचे कावळे उडाले. लीलाधर, जो कधी जोरात बोलत नाही, तो सगळ्यात मोठ्याने. व्याही स्वतः शेवटच्या दोन वेळा ओरडले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, सदऱ्यावर खरबुजाचा रस सांडला.

मग हात जोडून म्हणाले, "तुमना शबद, विहीणबाई. सांगा."

मी मोनालीकडे बघितलं. ती खाली मान घालून पत्ते गोळा करत होती. इतकं जिंकवलं मला आणि आता पत्ते धरता येईनात. बेडूक दोनदा हातातून पडला.

मी मोठ्याने म्हटलं, "पोरगी धुळ्याला जाईल. शेतकी कॉलेजात. आणि नीट ऐका सगळे. मी हरले म्हणून नाही. मी जिंकले म्हणून."

मोनालीने माझ्या प्लास्टरलाच मिठी मारली. पायाला काही कळलं नाही, पण प्लास्टर ओलं झालं.

३० एप्रिल, आखाजी

ज्योत्स्ना आणि मोनाली पहाटेच व्याह्यांबरोबर धुळ्याला गेल्या. घागर पुजली, मांडे शेजारून आले. लीलाधरने आमरस केला. गुठळ्या राहिल्या, पण बोलले नाही. आजचा दिवस.

काल असं का केलं याचा विचार करते आहे. खरं लिहिते. हरले असते तर मी पाठवलं नसतं. पैज गेली चुलीत. पाय दुखतो म्हटलं असतं, छातीत धडधडतं म्हटलं असतं, कारणांना काय तोटा? पण जिंकल्यावर सगळं गाव तोंडाकडे बघत असताना 'माझ्याच घरी ठेवते' म्हणायला काही मजा वाटेना. जिंकलेल्या माणसाने जरा हात सैल सोडायचा असतो. पुणं तर मी बंद केलंच ना? मग झालं.

हे मला कुणी सुचवलं नाही. माझं मलाच सुचलं. मोनालीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "हो आजी, तुझंच तुला सुचलं." मागे ज्योत्स्नाचा कुकर पुन्हा वेगळा वाजला.

१८ ऑगस्ट

मोनालीचा धुळ्यालाच नंबर लागला. आज मी तिला पोचवायला आले. पाय चांगला झाला आहे, जिना सोडून.

लीलाधर मोठी गाडी सांगणार होता. बघितलं तर न्यायला काही नव्हतंच. एक पिशवी कपडे. सायकल इथे, टेबल इथे, पुस्तकं इथे, गोधडी इथे. विसरभोळ्या पोरीचा एवढा तरी फायदा.

व्याह्यांचं घर स्वच्छ आहे. वरणाला फोडणी असते. मी चुकले. पण मोहरी तडतडायच्या आधीच वरण ओततात.

मी उद्या सकाळच्या गाडीने परत जाणार.

२३ ऑगस्ट

गाडीचं राहिलं. पहिल्या दिवशी व्याही म्हणाले, सकाळना चहा तरी पिसन जा. चहाला कोण नाही म्हणतं? चहा झाला तर म्हणाले, तोवर एक डाव. डाव मी हरले, मग दुसरा लागलाच. दुपारी शेजारणी बघायला आल्या, बेडूक बघायचा म्हणे, त्यांना शिकवावं लागलं. मग बाजारात एकदा बरोबर चला म्हणाले, मेथी निवडता येत नाही. असंच काहीबाही. मोठं कुणी काही म्हटलेलं नाही. थांबा असं तर कुणी एकदाही म्हटलं नाही, म्हटलं असतं तर मी त्याच मिनिटाला पिशवी उचलली असती.

मोनाली संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आली. कॉलेजात रोपं लावली म्हणे. दारातच उभी राहून मला सगळं सांगत होती, पाय धुवायचंही भान नाही. बोलताना इतकी सुंदर दिसत होती की मी फरशीबद्दल काही बोलले नाही.

लीलाधरचा फोन आला, आई, येते कधी? म्हटलं, उद्या निघाले असते. पण मोनालीने वाफवून फुनके करायला तुरीची डाळ भिजत घातली आहे, चांगलं मोठं भांडं भरून. भिजत घातलेली डाळ टाकून कसं यायचं?